भवानीची पहिली आंघोळ

सन दोन हजार बावीस. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या साली नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन आणि न्यूझीलंडची लेबर डेची सुट्टी हे सगळं एकाच सोमवारी आलं होतं. त्याच सोमवारी मी, वासंती रवींद्र खांबेटे, वय त्र्याहत्तर, चिंचवडच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून सन्मानानं निवृत्त झालेली बाई, पुकेकोहेजवळच्या एका गावच्या बाजारात टेबलाखाली लपून बसले होते. लपण्याचं कारण एक मेंढी होती. मेंढीही नव्हे, आठ आठवड्यांचं कोकरू.

इथला वसंत सप्टेंबरात येतो. माझं नाव वासंती असूनही मला या गोष्टीची अजून सवय झालेली नाही. ऐन पितृपंधरवड्यात शेजाऱ्यांच्या प्लमला गुलाबी बहर येतो, गवतात कोकरं उड्या मारतात आणि जो तो बाजार मांडायला निघतो. कुणी लोकरीच्या टोप्या विकतं, कुणी मध, कुणी घरी केलेले साबण. ऑकलंड शहरात, हिल्सबरोला राहत होतो तोवर हे सगळं गाडीच्या काचेतून दिसायचं. त्या वर्षी शंतनूनं, म्हणजे माझ्या मुलानं, तिथलं घर विकलं आणि पुकेकोहेच्या पलीकडे कांद्याच्या शेतांना लागून एक एकराची जागा घेतली. तो कॉम्प्युटरचं काम घरूनच करतो, सूनबाई सलोनी पुकेकोहेतल्या एका फार्मसीत आहे. दोघांची सोय झाली. गैरसोय झाली ती इराची.

इरा माझी नात, तेव्हा आठ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. नव्या शाळेत एकूण मुलं साठ-बासष्ट, आणि ती एकमेकांना जन्मापासून ओळखणारी. इरा तीन आठवडे मधल्या सुट्टीत एकटी बाकावर बसून डबा खात होती. हे मला तिच्या बाईंकडून कळलं. तिला विचारलं तर म्हणाली, "इट्स फाइन, आजी. आय वॉज रीडिंग."

एकतीस वर्षं मुलींमध्ये काढली आहेत मी. 'फाइन' कुठल्या सुरात म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो, हे मला कळतं. माझी झोप उडाली.

त्या शाळेची एक जुनी रीत होती. वसंतात ज्याला हवं त्यानं एक कोकरू बाटलीनं दूध पाजून वाढवायचं आणि लेबर डेला गावच्या बाजारात त्याची परीक्षा द्यायची. परीक्षा तीन विषयांची. पहिला, हाक. मूल रिंगणाच्या एका टोकाला, कोकरू दुसऱ्या टोकाला. हाक मारली की एका मिनिटात कोकरू आलं पाहिजे. दुसरा, दोरी धरून सरळ चालवणं. तिसरा, संगोपन. त्यासाठी मुलानं रोज स्वतःच्या हातानं डायरी लिहायची, किती वाजता किती दूध दिलं वगैरे. 'स्वतःच्या हातानं' या शब्दांखाली शाळेनं रेघ मारली होती. ती रेघ वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ठेवली नाही.

आमच्या कुंपणापलीकडे बेव्ह राहते. साठीची, एकटी, दोनशे मेंढ्या आणि एकच गमबुटांचा जोड. तिच्या एका मेंढीला तिळं झालं आणि तिसऱ्याला दूध पुरेना. ऑगस्टच्या शेवटी बेव्ह ते कोकरू काखेत मारून आली आणि म्हणाली, "व्हॅस, तुमच्या मुलीला हवंय का हे?" व्हॅस म्हणजे मी. वासंती म्हणताना तिचा श्वास संपतो.

इरानं त्याचं नाव मार्शमॅलो ठेवलं. मादी होती, पांढरीशुभ्र, काळ्या नाकाची. आठवड्याभरात शाळेत बातमी पसरली आणि इसला नावाची एक मुलगी इराच्या बाकावर येऊन बसली. मग आणखी दोघी. बोलणं काय, तर तुझी किती पिते, माझा किती पितो. बाळंतिणींसारख्या गप्पा. पण इरा हसत घरी आली, आणि मला कळून चुकलं की त्या शाळेत शिरायचं इराचं तिकीट म्हणजे हे कोकरू. लेबर डेला सगळ्या शाळेदेखत ते तिच्या हाकेला आलं नाही, तर मुलगी पुन्हा त्या बाकावर एकटी. त्या दिवसापासून माझ्या छातीत जी धडधड सुरू झाली, ती पुढचे दोन महिने थांबली नाही.

आणि धडधडणाऱ्या बाईनं जे करू नये, तेच मी केलं. मदत केली.

सुरुवात अगदी साधी होती. कोकराला दिवसातून चार वेळा बाटली. इरा नऊ ते तीन शाळेत, तेव्हा दुपारची बाटली माझ्याकडे. मग मंगळवारी पोहणं लागलं, म्हणून संध्याकाळचीही. मग इराला सर्दी झाली, बाहेर बोचरा वारा, म्हणून सकाळचीही. सर्दी चार दिवसांत गेली, बाटल्या माझ्याकडेच राहिल्या. दोरी धरून फिरवणंही आलं. रोज चार वाजता मी पुढे, कोकरू मागे, अशी आमची मिरवणूक कांद्याच्या शेताच्या कडेनं निघायची.

मार्शमॅलो हे नाव माझ्या तोंडात बसेना. शिवाय त्या प्राण्याचे गुण पाहता ते शोभतही नव्हतं. तिनं माझ्या परकराची नाडी खाल्ली. वाफ्यातली मेथी खाल्ली. आमच्या ह्यांनी बाजाराचे नियम छापून, प्लॅस्टिकात घालून ठेवले होते, त्याचा कोपरा खाल्ला. मी तिला 'भवानी' म्हणू लागले आणि हाकही तशीच मारू लागले. कशी, ते पुढे येईलच. तिथं कांद्याशिवाय ऐकायला कोण होतं?

मधे एकदा तिचं पोट फुगलं. नगाऱ्यासारखं. मी घाबरून हिल्सबरोला नीलांबरीबाईंना फोन लावला. नीलांबरीबाई म्हणजे तिथल्या एका डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या मराठी मंडळींत कुणालाही कशावरही सल्ला लागला तर त्यांच्याकडे तयार असतो. दिवाळीनंतर त्या मुलांसाठी मराठीचा संस्कारवर्ग काढणार होत्या आणि शिकवायला मला बोलावलं होतं. "सुसंस्कृत मराठी कानावर पडली पाहिजे हो मुलांच्या, वासंतीताई. ती तुमच्याकडेच आहे," असं त्या म्हणाल्या होत्या आणि ते वाक्य मी आठवडाभर मनात घोळवलं होतं.

"पोट फुगलंय? बेंबीला हिंग लावा," नीलांबरीबाई म्हणाल्या. "आमच्या शुभंकरला लहानपणी दोन मिनिटांत आराम पडायचा."

"अहो, पण हे कोकरू आहे."

"पोट ते पोट, वासंतीताई!"

मेंढीची बेंबी शोधण्यात माझा पाऊण तास गेला. मी पडवीत भवानीला उताणी धरून चष्मा पुसत असताना बेव्ह कुंपणावरून पाहत होती. "व्हॅस," ती शेवटी म्हणाली, "तू तिला दूध फार पाजतेस. कमी कर, आणि दुधात थोडं दही घाल." दह्यानं पोट उतरलं. नीलांबरीबाईंना मी हिंगानं उतरलं असं सांगितलं, कारण त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून "हिंगानंच ना?" असं विचारलं, आणि त्या सुराला 'नाही' म्हणण्याची ताकद माझ्यात नाही.

आता डायरी. इरा पहिले दहा दिवस नेमानं लिहीत होती. मग बाटल्या माझ्याकडे आल्या तशी ती विसरू लागली. पानं कोरी राहायला लागली. मी आठवण केली की म्हणायची, "बट आय डिडन्ट फीड हर, आजी. यू डिड." बरोबरच होतं तिचं. पण परीक्षेच्या वहीत कोरी पानं! माझ्या शाळेत आईबापांनी लिहिलेले गृहपाठ मी लांबून ओळखायचे. अशा मुलींना वर्गात उभं करून मी विचारलेलं आहे, "बाळ, हे अक्षर तुझं की बाबांचं?" एकदा एका मुलीचे डोळे भरून आले होते. तीच मी एका दुपारी दार लावून बसले आणि डाव्या हातानं, लहान मुलीच्या वळणानं लिहिलं, 'Today I gave Marshmallow 400 ml.' मग मागच्या सगळ्या दिवसांचं लिहिलं. मग पुढे रोजच लिहू लागले.

आमचे हे, म्हणजे रवींद्र खांबेटे, बँकेतून निवृत्त, नियमांवर ज्यांची भक्ती आहे असे गृहस्थ, त्यांनी एकदा मला पकडलं.

"वासंती, डाव्या हातानं काय लिहितेस?"

"हाताला व्यायाम. संधिवात."

त्यांनी विश्वास ठेवला. पन्नास वर्षांच्या संसाराचा हा एक फायदा आहे.

आता उटणं. हे उटणं मधेच कुठून आलं असं वाटेल, पण तेच पुढे सगळ्यावर पसरणार आहे. बाजार आहे तर आपणही काही विकावं, असं मला वाटलं होतं. मी बारा कुंच्या शिवल्या. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर येणारी कुंची असते तशा. खणाच्या, हिरव्या काठाच्या, हनुवटीखाली बांधायला नाड्या. आणि तीन किलो उटणं केलं. ऑकलंडच्या भारतीय दुकानातून सगळं आणून, कुटून, वस्त्रगाळ करून. आंबेहळद जरा सढळ हातानं घातली, कारण दुकानदार म्हणाला की ताजी आहे.

बाजाराच्या समितीला अर्ज करायचा होता. अर्ज ह्यांनी भरला, अकरा पानी. कुंच्या पास झाल्या. उटण्यावर समितीच्या बाईंचं पत्र आलं: हे खायचं की लावायचं? लावायचं असेल तर त्यातला प्रत्येक पदार्थ इंग्रजीत लिहून द्या. हे यादी करायला बसले. वाळा झाला, चंदन झालं, हळद झाली. नागरमोथ्याचं नाव इंटरनेटवर सापडलं, पण ते कुठल्याशा तणाचं निघालं. समितीनं विचारलं, तुम्ही तण विकता का? हे तण या देशात कसं आलं? मग कचोरा. मग गव्हला. गव्हल्याला इंग्रजीत काय म्हणतात हे नीलांबरीबाईंनाही सांगता आलं नाही, ही त्या वसंतातली एकमेव ऐतिहासिक घटना. मला विमानतळावरचे ते बॅगा हुंगणारे कुत्रे डोळ्यांपुढे दिसू लागले. दारावर कुणी आलं की मी उटण्याचा डबा अंथरुणाच्या कपाटात लपवत असे. शेवटी समितीनं नम्रपणे कळवलं की उटणं विकू नये. तीन किलो उटणं घरात पडून राहिलं.

असा तो सोमवार उजाडला. उजाडलाही नव्हता. नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी अभ्यंगस्नान, हे आमच्या घरात चुकलेलं नाही. शंतनूला तेल लावून झालं, ह्यांना झालं. कारीट मिळत नाही म्हणून प्रत्येकानं दारात एकेक छोटा टोमॅटो फोडला. समोर तीन किलो उटणं, त्यातलं मूठभरच संपलेलं. आणि पडवीत भवानी उभी, माझ्याकडे पाहत.

माझ्या सासूबाई सांगत, या दिवशी जो पहाटे न्हाणार नाही तो नरकात जाईल. त्या लेकराची ही पहिली दिवाळी. घरात जन्मलं नसलं तरी माझ्या हातावर वाढलेलं. आणि तीन तासांनी त्याला पंचांपुढे उभं राहायचं होतं. मी म्हटलं, नाहीतरी हिला स्वच्छ करायचीच आहे.

इरा झोपाळू डोळ्यांनी बाटली घेऊन आली. परीक्षेचा दिवस म्हणून ती बाटली तिनं माझ्याकडून मागून घेतली होती.

"आजी, इज दिस अलाउड?"

"दिवाळीला सगळं चालतं गं."

कोमट तिळाचं तेल, मग उटणं, मग घंगाळाऐवजी प्लॅस्टिकच्या टबात ऊन पाणी. इरानं पाय धरले, मी पाठ चोळली. भवानी डोळे मिटून उभी होती. मला फार समाधान वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा धडधड थांबली. मग उजाडलं.

कोकरू पिवळं होतं. पिवळसर नव्हे, पिवळं. देवळाबाहेरच्या झेंडूच्या राशीसारखं.

सलोनी चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि तिथंच थांबली. ती औषधांतली, तिला अशा गोष्टी लगेच कळतात. "आई, हळद लोकरीला पक्की बसते. ऊन पाण्यात तर जास्तच. तुम्ही तिला रंगवलंत."

तेवढ्यात हे प्लॅस्टिकातले नियम घेऊन आले, कोपरा खाल्लेले. "नियम सात. कोकराला कोणत्याही प्रकारचा रंग लावू नये."

"धुऊन टाकते," मी म्हटलं आणि कपड्यांचा साबण घेतला. सलोनी "आई, साबण नको!" म्हणून ओरडेपर्यंत मी पाठीवर चोळला होता. साबणानं हळद लाल होते हे मला सत्तर वर्षांत माहीत नसावं? पातळावर हळद सांडून साबण लावला की काय होतं, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं आहे. पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलं आठवत नाही. पिवळ्यावर लाल पट्टे उठले. माझ्या हातून त्या कोकराचं हळदीकुंकू झालं होतं.

इरा त्या पट्ट्यांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "एव्हरीवन्स गोइंग टू लाफ."

त्या वेळी मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. मी आत गेले, कुंच्यांमधली सर्वांत मोठी कुंची आणली आणि भवानीला बांधली. डोक्यावरून, पाठीवरून शेपटीपर्यंत, हनुवटीखाली नाड्या. पुढचं काळं नाक आणि खालचे चार पाय सोडले तर कोकरू कुठेही दिसत नव्हतं.

"वासंती," हे म्हणाले, "हे स्पर्धेला निघालंय की बारशाला?"

"नियमांत कुंचीबद्दल काही आहे का?"

त्यांनी चारही पानं वाचली. नव्हतं.

बाजार शाळेच्या मैदानात होता. एका बाजूला टेबलांची रांग, समोर दोरीनं आखलेलं रिंगण, मधे वीस-पंचवीस पावलांचं अंतर. माझं टेबल नेमकं रिंगणासमोर आलं. मी समितीच्या बाईंना जागा बदलून मागितली. त्या म्हणाल्या, ही सर्वांत चांगली जागा आहे, तुमचा पहिलाच बाजार म्हणून मुद्दाम दिली. आभार मानणं भाग पडलं.

खरी भीती मला आता वाटू लागली होती, आणि ती रंगाची नव्हती. कोकराला महिनाभर बाटली कुणी पाजली? मी. फिरवलं कुणी? मी. मग हाकेच्या परीक्षेत ते कुणाकडे येईल? हा विचार मला दोन महिन्यांत एकदाही शिवला नव्हता. सगळ्या जगाच्या काळज्या केल्या, हीच तेवढी राहून गेली होती.

त्यात नीलांबरीबाई येऊन टेबलापाशी उभ्या राहिल्या. हिल्सबरोहून खास आल्या होत्या, चार मराठी कुटुंबं घेऊन. "वासंतीताई, सगळ्यांना म्हटलं, आपल्या संस्कारवर्गाच्या बाईंची नात भाग घेतेय. कुंची घातलीय का कोकराला? वा! किती छान वाटतंय परदेशात आपली परंपरा पाहून."

पंच होते ट्रेवर, ऐंशीच्या घरातले शेतकरी, हातात माइक आणि घड्याळ. "किया ओरा, एव्हरीवन," असा माओरीतला नमस्कार करून त्यांनी सुरुवात केली. इसलाचं कोकरू धावत तिच्याकडे गेलं. टाळ्या. दोन मुलांची गेली. मग इराचं नाव.

एका बाईंनी भवानीला त्या टोकाला धरलं, इरा या टोकाला. मी टेबलावरचं कापड खाली ओढलं आणि टेबलाखाली जाऊन बसले. भवानीनं मला पाहिलं नाही तर निदान इराचा विचार करील, एवढीच आशा.

"कम ऑन, मार्शमॅलो!" इराचा आवाज.

काही नाही. मी कापडाच्या फटीतून पाहिलं. भवानीनं मान वर केली, कुंचीतून नाक बाहेर काढलं, हवा हुंगली. माझ्या हाताला अजून तिळाच्या तेलाचा वास होता. ती सरळ निघाली, इराकडे पाठ करून माझ्या टेबलाच्या दिशेनं. दोरीपाशी येऊन थांबली आणि टेबलाखाली बघून ओरडू लागली.

मैदानातली सगळी माणसं वळून माझ्या टेबलाकडे पाहू लागली. नीलांबरीबाई वाकून म्हणाल्या, "वासंतीताई, काही पडलंय का?"

"मार्शमॅलो! प्लीज!" इराचा आवाज चिरकला. ट्रेवर घड्याळ पाहत होते. मागे कुठलंसं मूल हसलं. मला बाहेर येऊन सगळं कबूल करावंसं वाटत होतं, आणि मी टेबलाचा पाय घट्ट धरून बसले होते. इसला दोरीला धरून उभी होती, ओठ घट्ट मिटून. इरा टेबलाच्या दिशेनं पाहत होती. ती मला पाहत होती, मला माहीत आहे. तिनं दोन्ही मुठी आवळल्या, श्वास घेतला आणि माझ्या आवाजात, माझ्याच चढ्या सुरात, ती आठ वर्षांची पोर साऱ्या मैदानावर ओरडली:

"अगं ए भवाने! मेले, कुठे उलथलीस? येतेस की तंगडं मोडू?"

भवानीचे कान कुंचीच्या आत ताठ झाले. ती जागच्या जागी वळली आणि अशी धावत सुटली की कुंचीच्या नाड्या मागे उडत होत्या. जाऊन इराच्या गुडघ्यांवर आदळली. दोघी खाली पडल्या. मैदानभर टाळ्या.

मराठी कुटुंबं तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. नीलांबरीबाई अजून वाकलेल्याच होत्या.

ट्रेवर माइकवर म्हणाले, "अठ्ठावन्न सेकंद! काय सुंदर भाषा आहे. काय म्हणालीस बेटा?"

इरा म्हणाली, "आय डोन्ट नो एक्झॅक्टली. इट्स व्हॉट माय आजी सेज टू हर. एव्हरी डे."

आता सगळे माझ्याकडे. मी टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले. ट्रेवरनी माइक माझ्याकडे केला. मी सावकाश, एकतीस वर्षांच्या अनुभवानं इंग्रजीत सांगितलं, "त्याचा अर्थ, प्रिय बाळे, तू कुठे आहेस, कृपया माझ्याकडे ये."

"आणि शेवटचं वाक्य?"

"मी तुझी वाट पाहते आहे."

नीलांबरीबाईंना खोकला आला.

मग ट्रेवरनी कोकरू तपासायला कुंचीच्या नाड्या सोडल्या. पिवळं, लाल पट्ट्यांचं कोकरू उन्हात चमकलं. ट्रेवरनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हे काय आहे?"

इरा उभी राहिली. "इट्स दिवाली. एव्हरीवन इन अवर हाउस गॉट अ बाथ धिस मॉर्निंग. सो शी गॉट वन टू."

ट्रेवर काही लिहीत राहिले. मग त्यांनी डायरी उघडली. पानं उलटली, पुन्हा मागे गेले. "आणि ही? इथे दोन अक्षरं दिसतात."

मला माझ्या वर्गातली ती मुलगी आठवली, डोळे भरलेली. इरा माझ्याकडे पाहत होती, आणि मला दिसलं की ती माझ्यासाठी खोटं बोलणार आहे. मी दोरी उचलून रिंगणात शिरले. बेकायदेशीरच ते, पण त्या दिवशी आणखी एका नियमानं काय होणार होतं?

"ती मी लिहिली," मी म्हटलं. "डाव्या हातानं. बाटल्याही पुष्कळ मीच पाजल्या. मुलीनं मला सांगितलं होतं की दूध तिनं पाजलेलं नाही. मी शाळेत शिक्षिका होते."

ट्रेवरनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तरीच," ते म्हणाले. "स्पेलिंगं फार बरोबर होती."

संगोपनात शून्य. दोरीत इराचा क्रमांक खालून दुसरा, कारण भवानी सगळा वेळ माझ्याकडे ओढत होती. हाकेत मात्र पास, आणि एक फीत. रंगाबद्दल त्यांनी गुण कापले नाहीत. शेरा लिहिला होता: स्वच्छ. अतिशय स्वच्छ.

मी फीत पाहायला पुढे झाले तर इरा म्हणाली, "नॉट नाऊ, आजी," आणि भवानीला घेऊन गेली. माझा चेहरा पडला असणार, कारण ह्यांनी माझ्या हातात थर्मासमधला चहा दिला. मी टेबलामागे बसून राहिले. मैदानाच्या कडेला ओकच्या झाडाखाली सात-आठ मुलं त्या पिवळ्या कोकराभोवती जमली होती. इसला मधे उभी होती. इरा तिला काहीतरी शिकवत होती, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मग सगळ्यांनी मिळून ओरडून म्हटलं. उच्चार भयंकर होते, पण शब्द ओळखू येत होते. 'मेले'वर तर फारच जोर होता.

नीलांबरीबाई पर्स काखेला लावून उठल्या. "वासंतीताई, त्या वर्गाचं आपण जरा पुढे बघू हं."

पुढे काय झालं ते सांगते. ट्रेवर दोन वर्षांनी पंचपदावरून निवृत्त झाले. बाजारात भेटले की अजून मला "प्रिय बाळे" असं इंग्रजीत म्हणतात, आणि मी त्यांना खरा अर्थ सांगितलेला नाही. समितीच्या अर्जाची आता तेरा पानं झाली आहेत. डायरीच्या पहिल्या पानावर शाळेनं एक ओळ नवी घातली आहे, 'आजी-आजोबांनी लिहू नये', आणि आमचे हे ती पाहुण्यांना दाखवतात. बारापैकी एकही कुंची कुठल्या बाळाला गेली नाही. अकरा बेव्हनं घेतल्या, थंडीत जन्मणाऱ्या कोकरांसाठी, आणि दर वर्षी आणखी मागते. खणाच्या कुंचीतली मेंढरं पाहायची मला आता सवय झाली आहे. सलोनीनं माझ्याकडून हळदीचा डबा काढून घेतला, तो फक्त फोडणीपुरता मिळतो. नीलांबरीबाईंचा वर्ग दुसऱ्या बाई घेतात. तिथली मुलं 'नमस्कार, मी मजेत आहे' असं सुंदर म्हणतात. इसला आमच्याकडे दिवाळीला असते आणि तिला तेलच लावून घ्यायचं असतं.

भवानी बेव्हच्या कळपात परत गेली. पहिल्या कातरणीला तिची पिवळी लोकर निघाली. ती बेव्हनं मला पिशवीत घालून दिली, माझ्या उशाशी आहे. तिला दोनदा जुळं झालं. दोनशे मेंढ्यांत ती मला ओळखता येत नाही, म्हणून मी कुंपणाशी जाऊन हाक मारायचे आणि एक मान वर व्हायची.

मागच्या वसंतात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने मी कुंपणापर्यंत गेले नाही. इरा जात होती. आता ती बारा वर्षांची आहे. दिवाळीत काठी टेकत तिच्याबरोबर गेले. "मी मारते हाक," म्हटलं आणि मारली. आवाज जरा कापला. मेंढ्या चरत राहिल्या. मग इरा ओरडली, तेच शब्द, तंगड्यासकट. कळपातून एक मोठी मेंढी दोन कोकरं घेऊन धावत आली आणि कुंपणातून तिच्या हातावर नाक घासू लागली.

माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"सॉरी, आजी," इरा म्हणाली.

"फाइन," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग माझा हात धरून भवानीच्या डोक्यावर ठेवला.